पदाआधीचे नेतृत्व
ह. यूसुफ (अलै.) यांच्या जीवनाच्या प्रकाशात

स्वतःवर विश्वास ठेवा, कोणावर विसंबून राहू नका, आपल्या आयुष्याचे शिल्पकार आपणच व्हा, असा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. कार्यालयांत त्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरतात, पुस्तकांच्या दुकानांत या विषयाचे वेगळे कप्पे असतात आणि नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराला त्याच्या नेतृत्वगुणांविषयी हमखास विचारले जाते. हा उपदेश ऐकताना मुस्लिम तरुणाच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. जो दिवसातून पाच वेळा अल्लाहपुढे मस्तक टेकवून आपले दुबळेपण मान्य करतो आणि मदत केवळ त्याच्याकडेच मागण्याची कबुली प्रत्येक नमाजमध्ये नव्याने देतो, त्याने स्वावलंबी व्हायचे म्हणजे नेमके काय व्हायचे? मी माझ्या बळावर उभा आहे, असे म्हणणे त्याच्या ईमानशी जुळते काय?

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. अल्लाह देणारा आहे, एवढे म्हणून हातपाय न हलवणारे आणि आपल्या आळसाला तवक्कल हे नाव देणारे लोक आपल्यातही आहेत. साहेबाची मर्जी, ओळखीच्या माणसाची चिठ्ठी किंवा एखाद्या पुढाऱ्याचा शब्द यांवर त्यांची सारी भिस्त असते. तोंडाने मात्र ते अल्लाहवरील भरवशाची भाषा बोलतात. एका बाजूला गर्व आणि दुसऱ्या बाजूला लाचारी, अशा दोन खड्ड्यांमधून मोमिनाची वाट जाते. ती वाट कशी चालावी, हे पवित्र कुरआनने एका संपूर्ण जीवनकथेतून दाखवले आहे. ती कथा ह. यूसुफ (अलै.) यांची आहे आणि तिचा बराचसा भाग दुसऱ्याच्या चाकरीत, बंदिवासात आणि सरकारी कोठारांच्या कारभारात घडतो. कामाच्या ठिकाणी माणसाने कसे वागावे, हे शिकण्यासाठी याहून अधिक समर्पक कथा क्वचितच सापडेल.

प्रत्येक जण राखणदार आहे

सर्वप्रथम नेतृत्व या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. सर्वसाधारण समज असा की, नेतृत्व पदासोबत येते. ज्याच्या हाताखाली माणसे आहेत तो नेता आणि ज्याच्या डोक्यावर साहेब आहे तो अनुयायी. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ही समजूत मुळातून बदलली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आलेल्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे की, तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या ताब्यातील कळपाविषयी जाब विचारला जाईल. या हदीसमध्ये शासकाचा उल्लेख आहे, कुटुंबप्रमुखाचा आहे, घर सांभाळणाऱ्या स्त्रीचा आहे आणि त्यासोबतच नोकराचाही आहे. मालकाची जी मालमत्ता नोकराच्या हाती सोपवलेली आहे, तिचा तो राखणदार ठरतो.

शासक आणि चाकर यांना एकाच शब्दाने संबोधणे ही लहान गोष्ट नाही. दोघांच्या कळपाचा आकार वेगळा आहे, परंतु जबाबदारीची जात एकच आहे. भिवंडी किंवा मालेगाव येथील यंत्रमाग कारखान्याचे उदाहरण घ्या. रात्रपाळीत एक कारागीर एकाच वेळी अनेक माग सांभाळत असतो. ताण्याचा एक धागा तुटतो. माग थांबवून धागा जोडला तर कापडाची लांबी कमी भरते, आणि त्याची मजुरी तर लांबीवरच ठरते. तसेच चालू दिले तर कापडात दोष राहतो. तो कदाचित तपासणीत सापडेल, कदाचित सापडणारही नाही. मालक झोपलेला आहे आणि मुकादम दुसऱ्या टोकाला आहे. त्या क्षणी हा माग थांबवायचा की नाही, हा निर्णय त्या कारागिराचा एकट्याचा आहे. तो माग थांबवून धागा जोडतो तेव्हा त्या छोट्याशा राज्याचे नेतृत्व तो करीत असतो. कोणी पाहत नसताना योग्य निर्णय घेण्याची सवय ज्याला लागलेली नाही, त्याला उद्या पद मिळाले तरी तो केवळ मोठ्या खुर्चीवर बसलेला तोच माणूस असेल.

दोन ठिकाणी एकच साक्ष

ह. यूसुफ (अलै.) यांना त्यांच्याच भावांनी विहिरीत टाकले. एका काफिल्याने त्यांना बाहेर काढले आणि ते मोजक्या दिरहमांना विकले गेले. परक्या देशात, परक्या भाषेत, गुलाम म्हणून त्यांचे आयुष्य सुरू झाले. पुढे ज्या घरात विश्वासाने त्यांना ठेवले गेले, त्याच घरात त्यांच्या चारित्र्याची कठोर परीक्षा झाली. त्यांनी पापापेक्षा कारागृह पत्करले. निर्दोष असूनही शिक्षा भोगणारा माणूस बहुधा दोहोंपैकी एक होतो: एक तर तो कडवट होतो, नाहीतर खचतो. ह. यूसुफ (अलै.) यांच्या बाबतीत काय घडले, हे सूरह यूसुफच्या छत्तिसाव्या आयतीवरून कळते. दोन कैदी आपल्या स्वप्नांचा अर्थ विचारण्यासाठी त्यांच्याकडे येतात आणि त्याचे कारण सांगताना म्हणतात की, तुम्ही आम्हाला मुहसिन दिसता. मुहसिन म्हणजे जो भलाई करतो आणि जे करतो ते उत्तम रीतीने करतो. त्या वेळी ह. यूसुफ (अलै.) यांच्याकडे पद नव्हते, पैसा नव्हता आणि ज्याच्या जोरावर लोकांना काही देता येईल असे कोणतेही साधन नव्हते. तरीही सोबतच्या बंद्यांनी त्यांना ओळखले.

आता याच सूरहची अठ्ठ्याहत्तरावी आयत पाहा. अनेक वर्षे लोटली आहेत. ह. यूसुफ (अलै.) मिसर देशात सत्तेच्या उच्च स्थानी आहेत. दुष्काळाने गांजलेले त्यांचे भाऊ धान्यासाठी त्यांच्यासमोर उभे आहेत. समोरचा अधिकारी आपला भाऊ आहे हे त्यांना ठाऊक नाही. धाकट्या भावाला सोडावे अशी विनवणी करताना त्यांच्या तोंडून तेच शब्द येतात: तुम्ही आम्हाला मुहसिन दिसता.

वाचकहो, या दोन आयतींवर थोडे थांबून विचार करा. पहिली साक्ष कैद्यांनी कैद्याविषयी दिली आहे आणि दुसरी गरजवंतांनी सत्ताधीशाविषयी. मधल्या काळात वस्त्रे बदलली, निवास बदलला, हुकूम सोसणारा हुकूम देणारा झाला. माणूस मात्र बदलला नाही. व्यक्तिगत नेतृत्व म्हणतात ते हेच. पद मिळण्यापूर्वी लोक ज्याच्याविषयी जे बोलत होते, तेच पद मिळाल्यानंतरही बोलत असतील, तर ते पद योग्य हाती गेले असे समजावे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या जीवनातही हेच दिसते. पैगंबरत्वाची घोषणा होण्यापूर्वीच मक्केचे लोक त्यांना अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणून ओळखत होते. ह. खदीजा (रजि.) यांनी आपला व्यापारी माल शामकडे नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली ती याच विश्वासामुळे. पुढे ज्या लोकांनी त्यांना विरोध केला, त्यांच्याही ठेवी त्यांच्याकडेच होत्या. हिजरतच्या वेळी त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी ह. अली (रजि.) यांना मक्केत मागे थांबवण्यात आले. शत्रूलाही ज्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेता येत नाही, त्याच्या नेतृत्वाला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते.

राखणे आणि जाणणे

मिसरच्या बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगितल्यानंतर आणि आपले निर्दोषत्व सिद्ध झाल्यानंतर ह. यूसुफ (अलै.) यांनी देशाची कोठारे आपल्याकडे सोपवावीत असे सुचवले. त्यासाठी त्यांनी स्वतःचे दोन गुण सांगितले: हफीज आणि अलीम. हफीज म्हणजे राखणारा, सांभाळणारा. अलीम म्हणजे जाणणारा. आपण नबीचे पुत्र आहोत हे त्यांनी सांगितले नाही आणि आपल्यावर झालेल्या अन्यायाची भरपाईही मागितली नाही.

पवित्र कुरआनमध्ये असाच जोड दुसऱ्या एका ठिकाणी येतो. ह. मूसा (अलै.) मिसरमधून निघून मदयन येथे पोहोचले तेव्हा ते थकलेले, निराधार आणि परके होते. तशा स्थितीतही पाणवठ्यावर ताटकळणाऱ्या दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले, त्याचा मोबदला मागितला नाही आणि सावलीत जाऊन आपल्या पालनकर्त्याकडे हात पसरले. पुढे त्यांपैकी एकीने आपल्या वडिलांना सुचवले की, यांना कामावर ठेवा. कारण कामावर ठेवण्यास उत्तम माणूस तोच, जो सशक्त आणि विश्वासू असेल. सूरह कससमध्ये हा प्रसंग आला आहे.

या दोन जोड्या एकत्र ठेवून पाहिल्या की कार्यक्षमतेचे संपूर्ण माप हाती येते. नुसता प्रामाणिक असलेला परंतु आपले काम न जाणणारा माणूस सद्भावनेनेही नुकसान करतो. आणि काम जाणणारा परंतु अमानतची जाणीव नसलेला माणूस तर अधिक कुशलतेने नुकसान करतो. ह. यूसुफ (अलै.) यांची योजना पाहा. सात वर्षे सतत शेती करावी, खाण्यापुरते थोडे धान्य सोडून बाकीचे कणसातच राहू द्यावे, म्हणजे ते टिकेल. त्यानंतरच्या सात कठीण वर्षांत तो साठा वापरावा आणि थोडा राखूनही ठेवावा. धान्य मळून न टाकता कणसात ठेवणे हे शेतीच्या व्यवहारज्ञानाचे बोलणे आहे. अल्लाहवर पूर्ण भरवसा असणारा नबी चौदा वर्षांचा हिशेब मांडतो आणि धान्याच्या साठवणुकीचा तपशील सांगतो. ईमान आणि नियोजन यांत विरोध पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

येथे एक शंका घेतली जाते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ह. अब्दुर्रहमान इब्ने समुरा (रजि.) यांना अधिकारपद मागू नये असा उपदेश केला होता, मग ह. यूसुफ (अलै.) यांनी पद कसे मागितले? विद्वानांनी याचे उत्तर असे दिले आहे की, दुष्काळ समोर उभा होता, लाखमोलाचे प्राण पणाला लागले होते आणि ते काम पेलणारा दुसरा कोणी नव्हता. मानासाठी खुर्ची मागणे आणि पडू पाहणाऱ्या ओझ्याखाली आपण होऊन खांदा देणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कामाच्या ठिकाणीही हीच कसोटी लावावी. एखादी जबाबदारी स्वीकारताना स्वतःला विचारावे: यातील कष्ट उरले आणि मान निघून गेला, तरी मी हे काम मागेन काय?

माणसांपासून स्वतंत्र, अल्लाहचा गरजू

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोमिनाचे स्वावलंबन म्हणजे काय? ह. याकूब (अलै.) आपल्या मुलांना मिसरला पाठवताना एकाच दरवाजाने न जाता वेगवेगळ्या दरवाजांनी शहरात शिरण्याचा सल्ला देतात, आणि लगेच सांगतात की, अल्लाहच्या निर्णयापासून मी तुम्हाला वाचवू शकत नाही, माझा भरवसा त्याच्यावरच आहे. उपाय आणि भरवसा एकाच श्वासात आले आहेत. तिर्मिजीमधील हदीसनुसार, उंट मोकळा सोडून तवक्कल करू काय, असे विचारणाऱ्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग तवक्कल करण्यास सांगितले. दुसऱ्या एका हदीसमध्ये पक्ष्यांचा दाखला आहे: ते सकाळी उपाशी निघतात आणि संध्याकाळी पोट भरून परततात. त्यांना अन्न अल्लाहच देतो, परंतु सकाळी घरट्यातून निघण्याचे काम त्यांनाच करावे लागते.

ज्याची गरज एकट्या अल्लाहशी जोडलेली असते, तो माणसांच्या दारी लाचार राहत नाही. ह. हकीम इब्ने हिजाम (रजि.) यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे अनेकदा मागितले आणि प्रत्येक वेळी त्यांना मिळाले. त्यानंतर पैगंबरांनी त्यांना समजावले की, संपत्ती गोड वाटते, पण हावरेपणाने घेणाऱ्याला तिच्यात बरकत लाभत नाही आणि देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा श्रेष्ठ असतो. ह. हकीम (रजि.) यांनी त्याच क्षणी निश्चय केला. पुढे ह. अबू बक्र (रजि.) आणि ह. उमर (रजि.) यांनी आपापल्या खिलाफतीत त्यांचा हक्काचा वाटा देऊ केला, तोही त्यांनी अखेरपर्यंत घेतला नाही.

अशा स्वावलंबनाचे खरे फळ म्हणजे सत्य बोलण्याचे स्वातंत्र्य. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातील कापडाचे व्यापारी होते. चरित्रग्रंथांत येते की, त्यांच्या भागीदाराने एकदा दोष न सांगताच सदोष कापड विकले, तेव्हा त्या मालाची सर्व रक्कम त्यांनी दान करून टाकली. हाच माणूस अब्बासी खलीफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद नाकारू शकला आणि त्यापायी त्याने कैद सोसली. ज्याची चूल दरबारच्या तनख्यावर पेटते, त्याची जीभ दरबारापुढे जड होते. आजच्या नोकरदारालाही हे लागू आहे. खोट्या बिलावर सही करण्यास सांगितले जाते, त्या वेळी नकार देण्याचे बळ केवळ चांगल्या विचारांतून येत नाही. हाती असलेले कौशल्य, मर्यादित गरजा, कर्जमुक्त घर आणि रोजी देणारा अल्लाह आहे हा विश्वास, या चार गोष्टी ते बळ देतात. म्हणून नवे काम शिकत राहणे, उधळपट्टी टाळणे आणि थोडी शिल्लक ठेवणे हीसुद्धा ईमानच्या रक्षणाची साधने आहेत.

परंतु या वाटेवर एक धोका आहे. ज्या सूरह कससमध्ये ह. मूसा (अलै.) यांच्या सशक्त आणि विश्वासू असण्याची साक्ष आली आहे, त्याच सूरहच्या उत्तरार्धात कारूनची कथा आहे. आपली संपत्ती आपल्या ज्ञानामुळे मिळाली, असा त्याचा दावा होता. आत्मविश्वासाची भाषा थोडी पुढे सरकली की ती कारूनची भाषा होते. ह. यूसुफ (अलै.) यांचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. वैभवाच्या शिखरावर असताना त्यांनी कारागृहातून सुटकेचे, कुटुंबाच्या भेटीचे आणि मिळालेल्या ज्ञानाचे सारे श्रेय आपल्या पालनकर्त्याला दिले. त्यांनी कष्ट मनापासून केले आणि यशाचे माप मात्र स्वतःच्या पदरात घातले नाही.

बंद दरवाजांसमोर

कोणी म्हणेल की, हे सर्व खरे, पण जेथे दरवाजेच बंद आहेत तेथे काय? ही तक्रार काल्पनिक नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने 2006 मध्ये सादर केलेल्या अहवालात, सरकारी व संघटित क्षेत्रातील नोकऱ्यांत मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने बराच कमी असल्याचे आणि त्यांतील मोठा वर्ग स्वतःच्या लहानसहान धंद्यावर जगत असल्याचे नोंदवले आहे. अशा समाजाला स्वावलंबनाचा उपदेश करताना जपावे लागते. ज्याचे नाव वाचूनच अर्ज बाजूला ठेवला गेला, त्याला तुझ्यातच काहीतरी कमी असेल असे म्हणणे हा दुसरा अन्याय होईल.

ह. यूसुफ (अलै.) यांचे उदाहरण येथे अत्यंत मोलाचे आहे. सुटका होणाऱ्या कैद्याला त्यांनी आपल्या मालकाजवळ आपला उल्लेख करण्यास सांगितले होते. तो विसरला आणि ह. यूसुफ (अलै.) यांना आणखी काही वर्षे कारागृहात काढावी लागली. नंतर बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ विचारण्यासाठी तोच माणूस आला. त्यांनी त्याला दोष दिला नाही. आधी मला सोडा, मग सांगतो, अशी अटही घातली नाही. लोकांचे प्राण वाचवणारे ज्ञान त्यांनी तत्काळ दिले. मात्र सुटकेचा निरोप आला तेव्हा ते बाहेर पडले नाहीत. ज्या प्रकरणात आपल्याला गोवण्यात आले त्याची आधी चौकशी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. चौकशी झाली, सत्य उघड झाले आणि मगच ते सन्मानाने बाहेर आले.

सब्रचा अर्थ यावरून स्पष्ट होतो. सब्र म्हणजे अन्यायाला मान्यता देणे नव्हे. आपले काम उत्तम करीत राहणे आणि आपल्या हक्काची मागणी सरळ मार्गाने, न थकता मांडत राहणे, या दोन्ही गोष्टी सब्रमध्ये एकत्र नांदतात. ह. यूसुफ (अलै.) यांनी अन्यायाचे निमित्त करून आपल्या कामात कसूर केली नाही आणि कामाची संधी मिळाली म्हणून न्यायाचा आग्रह सोडला नाही. आपल्या तरुण-तरुणींनी हे दोन्ही हातांनी धरावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, न्यायालय, कामगार संघटना ही साधने वापरणे स्वावलंबनाला बाधक नाही. आणि निकाल लागेपर्यंत आपले कौशल्य गंजू देणे हे मात्र स्वतःवरच अन्याय करणे आहे.

अपयश आल्यावर काय करावे, याचेही मार्गदर्शन हदीसमध्ये आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, सशक्त मोमिन दुर्बल मोमिनापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे, तरी भलाई दोघांतही आहे; जे लाभदायक आहे त्याची आस धरा, अल्लाहची मदत मागा आणि हतबल होऊन बसू नका; आणि संकट आलेच तर मी अमुक केले असते तर तमुक झाले असते, असे म्हणत राहू नका, कारण हा 'जर' शैतानाच्या कामाचे दार उघडतो. येथे चुकांपासून शिकण्यास मनाई केलेली नाही. मनाई आहे ती भूतकाळाच्या त्या विहिरीत पुन्हा पुन्हा उतरण्यास, जिच्यातून अल्लाहने आपल्याला बाहेर काढले आहे.

शेवटची परीक्षा

नेतृत्वाची शेवटची परीक्षा संकटात होत नाही, ती सत्ता हाती आल्यावर होते. ज्यांनी विहिरीत टाकले तेच भाऊ खाली मान घालून उभे होते आणि ह. यूसुफ (अलै.) यांनी त्यांच्यावर कोणताही ठपका न ठेवता त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना केली. आपल्यापैकी ज्यांना पुढे मुकादम, मुख्याध्यापिका, दुकानमालक किंवा अधिकारी होण्याची संधी मिळेल, त्यांच्यासमोरही असे लोक येतील, ज्यांनी कधीकाळी त्यांची वाट अडवली होती. त्या दिवशी कळेल की आपण पद कशासाठी मागितले होते.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे तेच आपले कोठार समजावे. कोणाच्या हाती एक माग आहे, कोणाच्या हाती शाळेचा एक वर्ग, कोणाच्या हाती हिशेबाची वही, तर कोणाच्या हाती रुग्णालयातील एक वॉर्ड. ते राखावे, ते जाणून घ्यावे, कोणाच्या मर्जीसाठी त्यात खोट येऊ देऊ नये आणि जे चांगले घडेल त्याचे श्रेय अल्लाहला द्यावे.

अल्लाह आपणा सर्वांना माणसांच्या लाचारीतून मुक्त करून केवळ आपला गरजू बनवो, आपल्या हातांना कौशल्य आणि अंतःकरणांना अमानतची जाणीव देवो, आणि कष्टाच्या दिवसांत व वैभवाच्या दिवसांत आपल्याविषयी एकच साक्ष दिली जावी असे जीवन जगण्याचे सामर्थ्य प्रदान करो. आमीन.